परक्या भाषेतला दिग्दर्शक : फ्रांत्स ऑस्टेन आणि मालाडचे हिंदी बोलपट

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा गावची जत्रा भरते. दिवसा बैलबाजार आणि घोंगड्यांची दुकाने. रात्री, आमच्या लहानपणी तरी, तंबूतला सिनेमा. आम्ही शहापूरहून जत्रेला जायचो. माझ्या आजाला हिंदी येत नसे. शाळेत जाणारा नातू म्हणून दुभाष्याचे काम माझ्याकडे असे. पडद्यावर कोणी काही बोलले की मी त्याच्या कानाशी लागून त्याचे मराठी करायचो. एकदा, सिनेमा ऐन रंगात असताना, त्याने माझे तोंड हाताने बंद केले आणि म्हणाला, "तू गप रं. मला दिसतंय सगलं."

पुढे हिंदी बोलपटांच्या सुरुवातीच्या काळाचा अभ्यास करताना हे वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवत राहिले. मुंबईत १९३५ ते १९३९ या काळात एका माणसाने पंधराहून अधिक हिंदी बोलपट दिग्दर्शित केले. त्यांतला 'अछूत कन्या' आजही हिंदी चित्रपटाच्या इतिहासात मानाने घेतला जातो. त्या माणसाला हिंदी येत नव्हते. त्याचे नाव फ्रांत्स ऑस्टेन. तो बव्हेरियाचा, म्युनिक शहराचा जर्मन. म्हणजे बोलपट बनवणाऱ्याला हिंदी येत नव्हते, आणि त्या काळी आमच्या भागातल्या तंबूत बसून असले बोलपट पाहणाऱ्या कुणबी, ठाकूर, कातकरी प्रेक्षकालाही ते जेमतेमच कळत असणार. दोन्ही टोके मुकी आणि मधला चित्रपट बोलका! हे कसे जमले, आणि जे जमले त्यात त्या दिग्दर्शकाचे नेमके काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

०००

ऑस्टेन यांचे मूळ नाव फ्रांत्स ऑस्टरमायर. जन्म म्युनिकचा, २३ डिसेंबर १८७६. घरात छायाचित्रणाचा व्यवसाय. १९०७ साली त्यांनी आपला भाऊ पीटर याच्याबरोबर फिरता सिनेमा सुरू केला. आपल्याकडे जत्रेच्या तंबूत जे चाले, त्याच धंद्यातून हा माणूस पुढे आला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. गावोगावच्या प्रेक्षकाला चित्रातून गोष्ट कळली पाहिजे, ही त्याची पहिली शाळा. पुढे पीटर ऑस्टरमायर यांनी म्युनिकमध्ये 'एमेल्का' ही चित्रपटसंस्था उभी केली आणि फ्रांत्स तिथे दिग्दर्शक म्हणून स्थिरावले.

१९२४ साली या संस्थेच्या दारात एक बंगाली तरुण येऊन उभा राहिला. हिमांशु राय हे त्याचे नाव. तो कायदा शिकायला लंडनला गेला आणि नाटकात रमला. बिपिनचंद्र पाल यांचे चिरंजीव निरंजन पाल यांनी लिहिलेल्या 'द गॉडेस' या नाटकात त्याने काम केले होते. बुद्धचरित्रावर चित्रपट काढायचा, भारतात, भारतीय नट घेऊन. यंत्रे आणि तंत्रज्ञ मात्र जर्मनीचे, असा त्याचा प्रस्ताव होता. एमेल्काने तो मान्य केला. १९२५ मध्ये ऑस्टेन आणि छायालेखक योझेफ विर्शिंग वगैरे मंडळी मुंबईत उतरली. सर एडविन आर्नल्ड यांच्या काव्यावर आधारलेला 'द लाइट ऑफ एशिया' म्हणजेच 'प्रेम संन्यास' त्याच वर्षी म्युनिकमध्ये प्रदर्शित झाला. गौतमाची भूमिका स्वतः राय यांनी केली होती. स्टुडिओतल्या दिव्यांऐवजी इथले ऊन आणि रंगवलेल्या पडद्यांऐवजी इथले खरे वाडे व हत्ती वापरून काढलेला हा चित्रपट युरोपात गाजला.

त्यानंतर याच जोडीचे 'शिराझ' (१९२८) आणि 'प्रपंच पाश' (१९२९) हे दोन मूकपट आले. तिन्ही चित्रपटांत ऑस्टेन यांना भाषेची अडचण फारशी जाणवली नसणार. मूकपटात दिग्दर्शकाला नटाकडून चेहरा, चाल आणि हालचाल हवी असते. त्या तिन्ही गोष्टी हाताच्या इशाऱ्याने सांगता येतात. उरलेले बोलणे पडद्यावरच्या पाट्या करतात, आणि पाट्या ज्या देशात दाखवायच्या त्या देशाच्या भाषेत लिहिता येतात. त्यामुळे मूकपटाला पारपत्र सहज मिळे.

०००

बोलपट आला आणि हे पारपत्र रद्द झाले. आता कोणत्या भाषेत बोलायचे, हा प्रश्न चित्रपट सुरू होण्याआधीच सोडवावा लागे. राय यांनी पहिला प्रयत्न इंग्रजीचा केला. १९३३ चा 'कर्मा' हा त्यांचा आणि देविकाराणी यांचा बोलपट इंग्रजी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत निघाला. त्याचा दिग्दर्शक ऑस्टेन नव्हे, तर जे. एल. फ्रीअर-हंट नावाचा इंग्रज होता. लंडनच्या समीक्षकांनी देविकाराणींच्या इंग्रजी उच्चारांची तारीफ केली. पण इथल्या प्रेक्षकाला लंडनच्या तारिफेशी काय देणेघेणे? इंग्रजी बोलपटाने भारत जिंकता येणार नाही, हे राय यांना कळून चुकले. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि संयुक्त निर्मितीची जुनी वाटही अवघड झाली.

मग राय यांनी युरोपात जाऊन भारतीय चित्रपट काढण्याऐवजी युरोपच्या तंत्रज्ञांनाच मुंबईला आणले. १९३४ साली 'बॉम्बे टॉकीज लिमिटेड' स्थापन झाली. मालाडला एफ. ई. दिनशा यांच्या बंगल्याच्या आवारात स्टुडिओ आणि स्वतःची प्रयोगशाळा उभी राहिली. संचालक मंडळावर सर चिमणलाल सेटलवाड यांच्यासारखी वजनदार नावे होती. म्युनिकहून ऑस्टेन आले, कॅमेऱ्यासाठी विर्शिंग आले, नेपथ्यासाठी कार्ल फोन श्प्रेटी आणि प्रयोगशाळेसाठी विल्हेल्म त्सोले आले. ध्वनिमुद्रणाला हार्टली हा इंग्रज. ऑस्टेन तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. ज्या वयात आपल्याकडे माणूस निवृत्तीच्या हिशेबाला लागतो, त्या वयात हा गृहस्थ न येणाऱ्या भाषेतले बोलपट काढायला सज्ज झाला.

जर्मन तंत्रज्ञानाकडे वळण्यात राय एकटे नव्हते. आपले व्ही. शांताराम 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी थेट जर्मनीला जाऊन आले होते. पण प्रभातने जर्मनीकडून तंत्र घेतले आणि दिग्दर्शन आपल्या हाती ठेवले. मालाडला खुर्चीवरच जर्मन बसला. हा फरक मोठा आहे.

०००

बॉम्बे टॉकीजच्या सेटवर काम कसे चाले, याचा साधा नकाशा काढला तर तो असा दिसतो. कथा आणि पटकथा निरंजन पाल इंग्रजीत लिहीत. तिचे हिंदुस्थानी संवाद जे. एस. काश्यप लिहीत. ऑस्टेन इंग्रजी पटकथा वाचून दृश्ये बांधत आणि जर्मन वळणाच्या इंग्रजीत सूचना देत. नट हिंदीत बोलत, आणि त्या नटांपैकीही पुष्कळांची घरची भाषा बंगाली, गुजराती किंवा मराठी. संगीत सरस्वतीदेवींचे, त्या पारशी, मूळ नाव खुर्शीद मिनोचर-होमजी. म्हणजे चित्रपट हिंदी, पण तो घडायचा इंग्रजीच्या पुलावरून. आणि या पुलाच्या दोन्ही बाजूंना उभे राहू शकणारी माणसे मोजकीच होती : राय, देविकाराणी, पाल. ऑस्टेन यांना संवादाचा अर्थ कळे तो या माणसांच्या तोंडून. एखादा शब्द गावंढळ आहे की दरबारी, एखादे वाक्य बोचते की नुसतेच वाजते, याचा निर्णय त्यांच्या कानाला घेता येत नसे.

निवडही प्रसंगी कानाने नव्हे, डोळ्याने होई. 'जीवन नैया'च्या वेळी नायक बदलण्याची वेळ आली आणि राय यांनी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुमुदलाल गांगुली या तरुणाला पुढे केले. ऑस्टेन यांना तो पसंत नव्हता. जबडा फार जड आहे, नट म्हणून चालणार नाही, असे त्यांचे मत पडले. हा किस्सा खुद्द अशोककुमार पुढे हसत हसत सांगत. ऑस्टेन यांनी चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यातून सहज, रोजच्यासारखे बोलणारा आवाज येणार आहे आणि तोच हिंदी पडद्यावरचा नाटकी सूर मोडणार आहे, हे त्यांना ऐकू येणे शक्य नव्हते.

मग त्यांचे स्वतःचे काय होते? 'अछूत कन्या' (१९३६) पाहिला की उत्तर मिळते. पाल यांच्या मूळ कथेचे नावच रेल्वेच्या फाटकावरून होते. एक मोटार रात्री बंद फाटकाशी थांबते. तिथे कस्तुरीचे स्मारक आहे. तिची गोष्ट सांगितली जाते. कस्तुरी ही फाटकवाल्या दुखियाची, अस्पृश्य समाजातली मुलगी. प्रताप हा ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा. दुखियाने प्रतापच्या बापाचा सर्पदंशातून जीव वाचवलेला, म्हणून दोन्ही घरांत जिव्हाळा. पण गाव तो सोसत नाही. अफवा उठते, जमाव येतो, घर पेटते. दोघांची लग्ने वेगवेगळीकडे होतात, आणि शेवटी त्याच फाटकात, रुळांवर चाललेली मारामारी थांबवण्यासाठी धावत्या गाडीसमोर उभी राहून कस्तुरी प्राण देते.

शहापूर तालुक्यातल्या माणसाला या चित्रपटाचा भूगोल समजावून सांगावा लागत नाही. कल्याण-कसारा लोहमार्ग वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी असा आमच्या तालुक्याच्या मधून जातो. फाटक म्हणजे काय, ते अडवून धरलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांना चांगले ठाऊक असते. ऑस्टेन यांनी हेच हेरले. फाटक उघडते आणि मिटते, इशाऱ्याचा दिवा बदलतो, गाडीचा आवाज दुरून येतो. संवाद एकही कळला नाही तरी कोण कुठल्या बाजूला आहे आणि मध्ये काय येत आहे, ते दिसते. जातीची भिंत दाखवायला त्यांना शब्द लागले नाहीत. फिरत्या सिनेमात आणि मूकपटात घडलेला त्यांचा हात इथे उपयोगी पडला. माझ्या आजासारख्या प्रेक्षकासाठी, त्याला न ओळखता, त्यांनी हा चित्रपट काढला होता असे म्हणता येईल.

पण उणेही तिथेच आहे. त्याच वर्षी प्रभातचा 'संत तुकाराम' आला. दामले-फत्तेलाल यांनाही चित्र बांधता येत होते. शिवाय त्यांना देहूची भाषा येत होती. आवलीच्या कडाक्याच्या बोलण्यात जी माया आहे, ती पटकथेचे इंग्रजी वाचून कोणाला पकडता आली असती? मुंबईत तो चित्रपट एका वर्षाहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही वाखाणला गेला. त्याच्या शेजारी 'अछूत कन्या'चे गाव ठेवले तर ते नेटके, धुतलेले, कुठल्याच जिल्ह्यातले नसलेले वाटते. पात्रे सोपी हिंदुस्थानी बोलतात, पण ती नेमकी कुठली, हे त्यांच्या बोलण्यावरून ओळखता येत नाही. १९३७ च्या 'इज्जत'मध्ये तर मराठे आणि भिल्ल यांच्या संघर्षाची कथा होती. डोंगरात भिल्ल, खाली मराठे, तोंडात सगळ्यांच्या हिंदी, नायिका बंगाली आणि दिग्दर्शक बव्हेरियाचा! आमच्या भागातल्या आदिवासी पाड्यावरच्या माणसाने तो पाहिला असता तर त्याला त्यात स्वतःचे काय सापडले असते, ही शंका राहतेच.

०००

ऑस्टेन यांचे माप नीट कळायचे तर त्यांच्याच काळातले दुसरे परदेशस्थ दिग्दर्शक पाहावेत. फ्रान्सचे रेने क्लेअर १९३५ मध्ये लंडनला जाऊन इंग्रजी चित्रपट काढू लागले आणि युद्धकाळात हॉलिवूडला होते. ज्याँ रनवार जर्मनांनी फ्रान्स जिंकल्यावर अमेरिकेला गेले. १९४१ ते १९४७ या काळात त्यांनी तिथे इंग्रजी चित्रपट केले, त्यांतल्या 'द सदर्नर'साठी त्यांना ऑस्करचे नामांकनही मिळाले. आणि त्यानंतर रनवार भारतात आले ते 'द रिव्हर' (१९५१) काढायला. कलकत्त्याजवळ, हुगळीच्या काठी हे चित्रण झाले. सत्यजित राय नावाचा जाहिरात कंपनीत नोकरी करणारा तरुण त्यांच्याबरोबर स्थळे शोधत हिंडला, ते हिंडणे पुढे किती फळले हे सर्वांना ठाऊक आहे.

पण हे फ्रेंच दिग्दर्शक परभाषेत गेले ते इंग्रजीत. ती सत्तेची, बाजाराची आणि जगभर पोचणारी भाषा होती. रनवार यांनी बंगालमध्ये येऊनही इंग्रज कुटुंबाची गोष्ट इंग्रजीतच सांगितली. त्यांना बंगाली येण्याची गरजच नव्हती. ऑस्टेन उलट्या दिशेने आले. त्यांनी परक्या देशाची गोष्ट त्या देशाच्याच भाषेत, त्याच देशाच्या प्रेक्षकासाठी सांगण्याची नोकरी पत्करली. रनवार यांचा चित्रपट चुकला असता तर तो रनवार यांचाच चुकला असता. ऑस्टेन यांच्याबाबत यश-अपयशाचा मालक कोण, हेच ठरत नाही. 'अछूत कन्या' आज देविकाराणी आणि अशोककुमारचा म्हणून ओळखला जातो, इतिहासाची पुस्तके तो हिमांशु राय यांच्या खात्यावर मांडतात. दिग्दर्शक म्हणजे दिशा दाखवणारा. इथे दिशा दुसऱ्यांनी ठरवली होती. त्या दिशेने चित्रपट नीट चालवला ऑस्टेन यांनी. हे काम लहान नाही, पण ते वेगळे आहे.

०००

आता एका अवघड गोष्टीकडे वळले पाहिजे. 'अछूत कन्या'च्याच वर्षी, १९३६ मध्ये, फ्रांत्स ऑस्टेन नाझी पक्षाचे सदस्य झाले.

तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र अधिक बोचते. ऑक्टोबर १९३५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली होती. १९३६ मध्ये त्यांचे जातिसंस्थेच्या उच्छेदावरचे, न झालेले लाहोरचे भाषण पुस्तकरूपाने निघाले. त्याच वर्षी मालाडला जातिभेदाने एका मुलीचा बळी कसा घेतला, याचा बोलपट तयार झाला. बॉम्बे टॉकीजच्या कँटीनमध्ये सगळ्या जातींची माणसे एकत्र जेवत, असे तिथल्या वातावरणाबद्दल नोंदले गेले आहे. आणि त्या बोलपटाचा दिग्दर्शक, रक्ताच्या शुद्धीवर राज्य उभारणाऱ्या पक्षाचा सदस्य होत होता. आदल्याच वर्षी न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी जर्मनीत ज्यू आणि इतर जर्मन यांच्यातले विवाह गुन्हा ठरवले होते. कस्तुरी आणि प्रताप यांच्या मधले फाटक ऑस्टेन यांनी इतक्या स्वच्छ रीतीने दाखवले. त्यांच्या मायदेशात तसलेच फाटक कायद्याने बंद झाले होते.

याचे समर्थन करता येत नाही. परदेशात नोकरी करणाऱ्या जर्मनांवर पक्षाचा दबाव असे, म्हातारपणी परतायची सोय पाहावी लागे, असे म्हणता येईल; पण सदस्य न होता राहिलेले जर्मनही होतेच. मला वाटते, या विसंगतीचा काही उलगडा परक्या भाषेत काम करण्याच्या पद्धतीतच आहे. ऑस्टेन यांच्यासाठी 'अछूत कन्या' ही नेटकी शोकांतिका होती : दोन प्रेमी, एक अडथळा, एक गाडी. तिच्यातला 'अछूत' हा शब्द त्यांच्यापर्यंत भाषांतर होऊन आला होता, आणि भाषांतरात त्याचा अर्थ आला तरी चटका आला नसावा. ज्याला शब्द चटका देत नाही, तो गोष्ट उत्तम सांगूनही तिच्यापासून सुरक्षित राहू शकतो. कलेने माणूस सुधारतो, असे आपण दिवाळी अंकांतून वर्षानुवर्षे म्हणत आलो आहोत. ऑस्टेन यांचे उदाहरण त्या श्रद्धेला तडा देते. प्रेक्षक हलला असेल. दिग्दर्शक हलला नाही.

०००

शेवट युद्धाने केला. ऑस्टेन यांच्या नावावरचा अखेरचा चित्रपट 'कंगन' (१९३९). त्याची नायिका मराठी होती, लीला चिटणीस. मास्टर विनायकांच्या 'छाया'त खांडेकरांचे मराठी बोललेली ही पदवीधर अभिनेत्री आता जर्मन दिग्दर्शकाच्या हाताखाली अशोककुमारसमोर हिंदी बोलत होती. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारले आणि मालाडचे जर्मन शत्रू ठरले. त्यांना अटक झाली. ऑस्टेन यांना वयामुळे सोडण्यात आले आणि ते मायदेशी परतले. डिसेंबर १९५६ मध्ये बव्हेरियातल्या बाड आयब्लिंग येथे त्यांचे निधन झाले. मे १९४० मध्ये हिमांशु राय गेले. देविकाराणींनी काही वर्षे संस्था सांभाळली, पण संस्थेत फूट पडली आणि पन्नासच्या दशकात बॉम्बे टॉकीज बंद झाली.

बरोबरच्यांचे पुढे काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. नेपथ्यकार फोन श्प्रेटी पश्चिम जर्मनीचे राजदूत झाले. १९७० मध्ये ग्वाटेमालात त्यांचे अपहरण करून हत्या करण्यात आली. विर्शिंग मात्र युद्धानंतर सुटले आणि इथेच राहिले. 'महल'मधल्या सावल्या त्यांच्या, 'पाकीजा'चे चित्रणही त्यांनी हाती घेतले, आणि तो पुरा होण्यापूर्वी १९६७ मध्ये ते मुंबईतच वारले. कॅमेऱ्याला भाषा लागत नाही. दिग्दर्शकाला परत जावे लागले, छायालेखक मुंबईचा झाला.

गेल्या वर्षी मी आसनगावहून लोकल पकडून दादरला उतरलो, गाडी बदलली आणि मालाडला गेलो. पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, बॉम्बे टॉकीजचे नाव अजून टिकून आहे. पण ते लहान कारखान्यांच्या आणि गाळ्यांच्या दाटीला. आत कुठे पॅकिंग चालले होते, कुठे वेल्डिंग. काम करणाऱ्या मुलांत भोजपुरी चालू होती, एक मुकादम मराठीत शिव्या देत होता, आणि रेडिओवर हिंदी गाणे. एकाला विचारले, इथे पूर्वी काय होते? तो हातातले काम न थांबवता म्हणाला, "पिक्चर बनायचे." कोण बनवायचे, ते त्याला माहीत नव्हते. मी सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात यंत्र सुरू झाले आणि काही ऐकू येईना. मी हाताने खूण केली आणि बाहेर पडलो.